एका दिवसात रॉटरडॅम: इमारती, बाजार आणि रस्त्यावरची शिल्पं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नेदरलँड्सला येणारे नातेवाईक आणि मित्र ॲमस्टरडॅम, ट्युलिप, पवनचक्क्या एवढा बेत घरूनच ठरवून येतात. मग एक दिवस उरतो आणि माझ्या फोनवर मेसेज सुरू होतात. गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दोन प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रॉटरडॅममध्ये जुनं काहीच उरलेलं नाही म्हणतात. मग बघायचं तरी काय?

जुनं का उरलं नाही, तेच बघायचं. १४ मे १९४० रोजी दुपारी जर्मन विमानांनी शहराच्या मध्यभागावर बॉम्ब टाकले. हल्ला पंधरा मिनिटांच्या आत संपला, पण त्यातून लागलेल्या आगीने शहराचं काळीज जाळून टाकलं. साडेआठशेच्या आसपास माणसं गेली, ८०,०००च्या आसपास बेघर झाली. ढिगारा उपसून जवळच्या पाण्याच्या वाटांमध्ये भरला गेला. आज ब्लाक नावाचा जो रुंद रस्ता दिसतो, तिथे तेव्हा पाणी होतं.

जुनं होतं तसं पुन्हा बांधायचं, हा मार्ग शहराने घेतला नाही. जळालेल्या भागातली जमीन ताब्यात घेतली आणि १९४६च्या आराखड्याप्रमाणे रुंद रस्त्यांचं नवं शहर आखलं. म्हणून इथे कालव्याकाठची निमुळती घरं शोधू नका. त्यांच्या जागी ऐंशी वर्षांतले प्रयोग एकमेकांना खेटून उभे आहेत. काही फसलेलेही आहेत, आणि माझ्या मते तेही बघण्यासारखे आहेत.

२. कोणत्या वारी यावं?

मंगळवारी किंवा शनिवारी. बिनेनरोटवरचा मोठा उघडा बाजार याच दोन दिवशी भरतो, सकाळपासून साधारण साडेपाचपर्यंत. दोन्हींपैकी निवडायचं तर मंगळवार. शनिवारी अख्खा गाव खरेदीला उतरतो आणि मुलांचा हात सोडायची सोय राहत नाही. रविवार-सोमवारच येणार असाल तर प्रश्न १३ बघा.

३. कसं यायचं, आणि चालणं किती आहे?

शिपोल विमानतळावरून वेगवान इंटरसिटी गाडी अर्ध्या तासाच्या आत रॉटरडॅम सेंट्राल स्टेशनात सोडते. ॲमस्टरडॅमहून पाऊण तास धरा. काही वेगवान गाड्यांना तिकिटावर अधिभार असतो, तो तिकीट काढतानाच बघून घ्या.

स्टेशनातून घाईने बाहेर पडू नका. हे स्टेशन २०१४ सालचं आहे. चौकाच्या अंगावर झुकलेलं त्याचं टोकदार छप्पर लांबूनही ओळखू येतं. दर्शनी भागावरची ‘सेंट्राल स्टेशन’ ही अक्षरं आणि घड्याळ मात्र १९५७च्या जुन्या स्टेशनाचं आहे. इमारत पाडली, पाटी ठेवली. समोरच्याच चौकात थॉमस जे प्राइस या शिल्पकाराचा ब्राँझचा पुतळा आहे, २०२३ साली बसवलेला. ट्रॅक पँट घातलेली, खिशात हात घालून उभी असलेली एक साधी कृष्णवर्णीय मुलगी, फक्त माणसाच्या दुप्पट उंच. राजे आणि सेनापती यांचेच पुतळे बघायची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना ती आधी जरा खटकते आणि मग आवडते.

मी नेतो तो मार्ग असा: स्टेशन, लाइनबान हा दुकानांचा पायी रस्ता, कोलसिंगल हा मुख्य रस्ता, लॉरेन्स चर्च, बाजार, मार्क्टहाल, क्यूब घरं (ती तिरकी पिवळी घरं, प्रश्न ७), जुनं बंदर, झाडकिनचा पुतळा (प्रश्न ८), इरॅस्मस पूल आणि पलीकडचा किनारा. रेंगाळत पाच-सहा किलोमीटर होतात. चालायचं नसेल तर प्रश्न १० बघा.

४. मार्क्टहाल म्हणजेच तो प्रसिद्ध बाजार ना?

नाही. हा गोंधळ सगळ्यांचा होतो. मार्क्टहाल ही घोड्याच्या नालेच्या आकाराची, ४० मीटर उंच इमारत आहे. एमव्हीआरडीव्ही या स्थानिक वास्तुरचनाकारांनी ती केली आणि २०१४ साली राणी माक्सिमाच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. नालेच्या जाडीत २२८ सदनिका आहेत, पोकळीत खाण्याचे गाळे आणि खाली गाड्यांचं तळघर. दोन्ही तोंडांना काचेच्या भिंती आहेत, त्या टेनिसच्या रॅकेटसारख्या ताणलेल्या पोलादी दोऱ्यांवर पेलल्या आहेत. वारा आला की काच किंचित आत-बाहेर होते आणि तशी ती व्हावी म्हणूनच ही रचना आहे.

बाजार आहे तो बाहेर, बिनेनरोटवर. रोट ही इथली नदी. तेराव्या शतकात तिच्यावर धरण, म्हणजे ‘डॅम’, बांधला आणि त्यावरून गावाला नाव पडलं. पुढे नदीच्या याच पात्रावर उंच पुलावरची रेल्वे आली. १९९३ साली रेल्वे बोगद्यात गेली, पूल पाडला आणि लांबच लांब जागा मोकळी झाली. तिथे आता मंगळवार-शनिवार भाजी, मासे, कापडाचे तागे, सायकलच्या ट्यूब आणि मोजे विकतात.

आत आणि बाहेर काय फरक आहे, तो भाव विचारला की कळतो. आतल्या गाळ्यात स्ट्रॉबेरी पारदर्शक पेल्यात, काडी टोचून मिळते. बाहेर साडेचारनंतर विक्रेते प्लॅस्टिकच्या वाडग्यांत आंबे, वांगी, मिरच्या ढिगाने रचतात आणि ‘एका युरोला वाडगा’ असा पुकारा सुरू होतो. वाडगा उचलला की तो तुमच्या पिशवीत उलटा करतात आणि रिकामा परत मांडतात. खालचे दोन आंबे नरम निघणार हे धरून चाला. आठवडी बाजारात वाढलेल्या माणसाला इथे काही शिकवावं लागत नाही. डोळे दिपवायला आत जा, पिशवी बाहेर भरा.

५. मार्क्टहालच्या छतावरचं ते प्रचंड चित्र रंगवलंय की छापलंय?

छापलंय. आर्नो कूनन आणि इरिस रॉस्काम या कलाकारांनी ते संगणकावर घडवलं आणि छिद्रं असलेल्या धातूच्या पत्र्यांवर ते छापून घेतलं. ‘समृद्धीचं शिंग’ असं त्याचं नाव आहे आणि क्षेत्रफळ ११,००० चौरस मीटर. फळं, कणसं, मासे, फुलं, किडे आकाशातून आपल्या अंगावर पडतायत असं वाटतं. नीट बघितलं तर त्यात लॉरेन्स चर्चचा मनोराही सापडतो. मुलांना तो शोधायला लावा, तुमची दहा मिनिटं शांततेत जातील.

चित्रात अधूनमधून दिसणाऱ्या चौकोनी काचा म्हणजे लोकांच्या घरच्या खिडक्या. एकदा मान वर करून बघत होतो, तर दोन लिंबांच्या मधल्या खिडकीत एक आजोबा कप धरून खाली आमच्याकडे बघत होते. कोण कोणाचं प्रदर्शन बघतंय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तळघराच्या सरकत्या जिन्याशेजारी पायाच्या खोदकामात सापडलेल्या जुन्या वस्तू मांडल्या आहेत. त्याला तिकीट नाही आणि तिथे गर्दीही नसते.

६. आम्ही शाकाहारी आहोत. दिवसभर फक्त फ्रेंच फ्राइजच खायच्या का?

गरज नाही. सुरिनामी जेवण शोधा. १८७३ साली लाला रूख नावाचं जहाज उत्तर भारतातले करारबद्ध मजूर घेऊन सुरिनाम या डच वसाहतीत पोहोचलं. त्या मजुरांचे अनेक वंशज १९७५ साली सुरिनाम स्वतंत्र होण्याच्या सुमारास नेदरलँड्समध्ये आले आणि त्यांच्याबरोबर रोटीही आली. मऊ, मोठी रोटी, सोबत बटाटा आणि लांब चवळीच्या शेंगांची भाजी. ‘बारा’ मागितलात तर उडदाचा तळलेला वडा मिळतो, मधे चीर देऊन चटणी भरलेला. सेंट्राल स्टेशनापासून थोड्याच अंतरावर वेस्ट-क्राउसकाडे या रस्त्यावर अशी दुकानं आहेत.

अडचण एकच. शाकाहारी रोटीतही उकडलेलं अंडं येतं. अंडं चालत नसेल तर ‘झोंडर आय’ म्हणायचं, मांस नको तर ‘झोंडर फ्लेस’.

बाजारात ताजं स्ट्रूपवाफल गरमच खा. दोन पातळ वाफलींमधला पाक हातावर ओघळतो, रुमाल जवळ ठेवा. चीजच्या गाळ्यावर जिरं घातलेलं चीज चाखा, आपल्या जिभेला ते लगेच पटतं. पण बरीच जुनी मुरलेली चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजलेली असतात. कडक शाकाहारी असाल तर वनस्पतिजन्य रेनेटचं कोणतं, ते विक्रेत्याला विचारा. त्यांना हा प्रश्न नवा नसतो.

मासे खाणाऱ्यांनी किबलिंग, म्हणजे पिठात बुडवून तळलेले माशाचे तुकडे, घ्यावेत. नवं हेरिंग जूनच्या मध्याला येतं. ते कच्चं, मुरवलेलं असतं आणि वर बारीक कांदा. बांगड्यावर वाढलेल्यांनाही पहिला घास जरा धीराने घ्यावा लागतो.

७. त्या तिरक्या पिवळ्या घरांच्या आत जाता येतं का? तिथे खरंच कोणी राहतं?

दोन्हींचं उत्तर ‘हो’. पीट ब्लोम या वास्तुरचनाकाराची ही घरं १९८४ साली पूर्ण झाली. खांबावर एक घन कोपऱ्यावर उभा केला आहे. एक घर म्हणजे एक झाड आणि सगळी मिळून जंगल, अशी त्याची कल्पना. छोटी घरं ३८ आहेत आणि सगळी वसाहत खालच्या वाहत्या रस्त्यावरून पुलासारखी जाते.

एक घर थोडं शुल्क घेऊन दाखवतात. आत गेल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही, की भिंतीला कपाट लावता येत नाही. सगळे मजले मिळून जागा १०० चौरस मीटरच्या आसपास असली तरी जवळजवळ पाव भाग उताराखाली वाया जातो. सगळं फर्निचर मापाने करून घेतलेलं. माझ्या सासूबाई स्वयंपाकघरात दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “इथे बरण्या कुठे ठेवायच्या?” वास्तुकलेची एवढी नेमकी समीक्षा मी अजून वाचलेली नाही.

जिने अरुंद आणि चढे आहेत. बाकीच्या घरांत माणसं राहतात, त्यांच्या खिडक्यांत डोकावू नका.

घरांच्या मागे जुनं बंदर आणि तिथे १८९८ सालचं ‘पांढरं घर’ आहे. दहा मजली, ४३ मीटर. त्या काळी युरोपातली गगनचुंबी इमारत म्हणून ते मिरवत होतं. बॉम्बहल्ल्यातून ते वाचलं.

८. वेळ कमी आहे. रस्त्यावरची शिल्पं शंभर असतील, त्यातली कोणती चुकवू नयेत?

तीन, आणि त्यातली दोन एकाच दुकानाशी जोडलेली.

कोलसिंगलवर बायनकॉर्फ हे मोठं दुकान आहे, मार्सेल ब्रॉयरने केलेलं, १९५७ सालचं. बायनकॉर्फ म्हणजे मधमाश्यांचं पोळं, म्हणून भिंतीवरच्या दगडी लाद्या षटकोनी. नगररचनेचा आग्रह असा होता की रस्त्याच्या रेषेत इमारतीचा काही भाग पुढे यावा. इमारत पुढे आली नाही, त्या जागी नाउम गाबोचं उंच पोलादी शिल्प आलं. गावकरी त्याला ‘ती वस्तू’ म्हणतात. खाली उभं राहून वर बघा, वळत जाणाऱ्या सळयांमधून आकाश दिसतं.

दुसरं ऑसिप झाडकिनचं ‘उद्ध्वस्त शहर’, १९५३ सालचं, लेव्हहावन मेट्रो स्टेशनाजवळ. दोन्ही हात आभाळाकडे फेकलेला माणूस आणि छाती-पोटाच्या जागी आरपार भोक. ज्या दुकानाने हे शिल्प शहराला भेट दिलं, त्याने आपलं नाव सुरुवातीला उघड केलं नव्हतं. ते दुकान बायनकॉर्फच. त्यांची आधीची इमारत जेमतेम दहा वर्षांची असताना बॉम्बहल्ल्यात सापडली होती. लोक या पुतळ्याला ‘काळीज नसलेलं शहर’ म्हणतात आणि थट्टेने ‘यान भोक’सुद्धा. पुतळ्याभोवती एक चक्कर मारा. समोरून तो ओरडतोय असं वाटतं, मागून तो कोसळतोय. भोकातून पलीकडचे मनोरे दिसतात ती बाजू सापडेपर्यंत फिरा.

तिसरं इरॅस्मस या इथे जन्मलेल्या विद्वानाचं, लॉरेन्स चर्चच्या चौकात. हेंड्रिक द केसरने १६२२ साली केलेला हा पुतळा देशातला सर्वांत जुना ब्राँझचा पुतळा आहे. हातात पुस्तक. चर्चचे टोले ऐकू आले की तो पान उलटतो, असं इथे मुलांना सांगतात. अट एवढीच, की त्याला ऐकू आलं पाहिजे.

जीव रमला तर वेस्टरसिंगलच्या पाण्याकाठी चला, तिथे रोदँचा ‘चालणारा माणूस’ आहे.

९. चौकातल्या त्या सांताक्लॉजच्या हातात नक्की काय आहे?

ईन्द्राख्त चौकातलं पॉल मॅकार्थीचं शिल्प म्हणताय. अधिकृत उत्तर: ख्रिसमसचं झाड. लोकांचं उत्तर वेगळं आहे आणि ते या पानावर लिहिण्यासारखं नाही. शहराने हे काम २००१ साली करवून घेतलं. मग ते कुठे ठेवायचं यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली आणि २००८ साली ते या चौकात स्थिरावलं. आता आजूबाजूच्या लोकांना त्याची माया आहे. आई-वडील बरोबर असतील तर अधिकृत उत्तर द्या आणि पुढे चला.

१०. बरोबर सत्तरीचे सासू-सासरे आहेत. एवढं चालणं कसं झेपेल?

दिवसाचे दोन तुकडे करा. सेंट्रालहून मेट्रोच्या डी किंवा ई मार्गाने बर्स, तिथे ए, बी किंवा सी पकडून ब्लाक. स्टेशनातून बाहेर आलात की बाजार, मार्क्टहाल आणि क्यूब घरं शे-दोनशे पावलांत. चर्चही जवळ. जेवण, विश्रांती, मग पुन्हा मेट्रोने लेव्हहावन किंवा विल्हेल्मिनाप्लाइन. क्यूब घराच्या आत नेऊ नका (प्रश्न ७). सार्वजनिक स्वच्छतागृहांना बहुतेक ठिकाणी पैसे लागतात, कॉफी प्यायला बसाल तिथेच सोय उरकून घ्या.

११. पुलाच्या पलीकडे जाण्यासारखं काय आहे?

पूलच. इरॅस्मस पूल १९९६ सालचा, ८०२ मीटर लांब, १३९ मीटर उंचीचा वाकलेला पांढरा खांब. लाडाचं नाव ‘हंस’. पलीकडे रेम कोल्हास या वास्तुरचनाकाराचा ‘द रॉटरडॅम’ हा मनोऱ्यांचा गठ्ठा आहे. रचलेले खोके कोणीतरी धक्का देऊन सरकवल्यासारखे दिसतात. कोल्हास याच गावात जन्मला. धक्क्याच्या टोकाला हॉटेल न्यूयॉर्क, म्हणजे हॉलंड-अमेरिका जहाज कंपनीची जुनी कचेरी. इथूनच लाखो लोक बोटीत बसून कायमचे निघून गेले. समोर काटेनड्रेख्तला १९२३ सालच्या गोदामात २०२५ साली स्थलांतरावरचं ‘फेनिक्स’ संग्रहालय उघडलं. छतातून वर येणारा त्याचा चकचकीत दुहेरी गोल जिना बाहेरूनही दिसतो. आपण परदेशी राहणारी माणसं, त्यामुळे तिथे मला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला.

परत येताना वॉटर टॅक्सी घ्या. मेट्रोपेक्षा महाग आहे, पण लाटेवर आपटत जाते आणि मुलं दिवसातलं तेवढंच लक्षात ठेवतात.

१२. आपलं भारतीय कार्ड चालतं का? मेट्रोचं तिकीट कसं काढायचं?

व्हिसा किंवा मास्टरकार्ड गेटवर टेकवून आत जाता येतं, बाहेर पडताना पुन्हा टेकवायचं. अडखळायच्या जागा या:

भारतातून निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय आणि टॅप करून पैसे देण्याची सोय चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ती आपण चालू केल्याशिवाय चालत नाही. माझा आतेभाऊ गेटसमोर उभं राहून पुण्याला फोन लावत बसला होता, तिकडे रात्रीचे दोन वाजले होते.

एका कार्डावर एकच माणूस. चौघं असाल तर चार कार्डं हवीत, नाहीतर यंत्रातून सुटी तिकिटं घ्या. आत जाताना फोन टेकवला असेल तर बाहेर पडतानाही फोनच टेकवा. तेच खातं असलं तरी प्लॅस्टिकचं कार्ड यंत्राला वेगळं वाटतं. रेल्वेतून उतरून मेट्रो घेताना आधी रेल्वेतून चेक-आउट आणि मग मेट्रोत चेक-इन. विसरलात तर जास्तीचे पैसे कापले जातात.

बाजारात काही गाळ्यांवर परदेशी कार्ड नाकारतात. वीस-तीस युरो सुटे जवळ असू द्या.

१३. रविवार किंवा सोमवारशिवाय जमतच नाही. मग येऊच नये का?

या, फक्त अपेक्षा बदला. मोठा बाजार मिळणार नाही. मार्क्टहाल रोज उघडं असतं, रविवारी दुपारपासून. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद, त्यात आरशाचा डेपोही (प्रश्न १४). शिल्पांना आणि इमारतींना मात्र सुट्टी नसते.

एप्रिलमधल्या एका रविवारी शहराची मॅरेथॉन असते. त्या दिवशी मध्यवर्ती रस्ते आणि इरॅस्मस पूल धावणाऱ्यांच्या ताब्यात असतात. तारीख आधी तपासा. २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस, तेव्हा गावभर नारिंगी गर्दी.

१४. एकाच ठिकाणी तिकीट काढायचं झालं तर कुठे काढू?

बॉयमन्स संग्रहालयाच्या डेपोचं. २०२१ साली उघडलेला हा आरशांचा वाडगा १,६६४ आरसे लावून मढवला आहे. संग्रहालयं आपल्या साठ्याचा जेमतेम काही भाग भिंतीवर लावतात, बाकीचं कुलपात. इथे १,५१,००० वस्तूंचा कुलपातला साठाच लोकांना दाखवतात: खोक्यांत ठेवलेली चित्रं, जाळीवर टांगलेली चित्रं, दुरुस्तीच्या टेबलावरची चित्रं. चित्राची मागची बाजू, जुन्या चिठ्ठ्या आणि खिळे मी इथेच पहिल्यांदा नीट बघितले.

इमारतींचं वेड असेल आणि दिवस दुसरा असेल तर व्हान नेले कारखाना. चहा, कॉफी आणि तंबाखूचा हा काचेचा कारखाना १९३१ साली पूर्ण झाला आणि २०१४ पासून जागतिक वारसा आहे.

१५. त्याच दिवशी डेल्फ्ट हे जुनं गाव किंवा किंडरडाइकच्या पवनचक्क्याही उरकता येतील का?

उरकता येतील, बघता येणार नाहीत. ‘जुनं हॉलंड’ हवंच असेल तर मेट्रोने डेल्फ्सहावनला जा. हा भाग आगीतून वाचला आणि तासाभरात होतो.

१६. अंधार पडेपर्यंत थांबण्यासारखं काही आहे का?

आहे, पण उन्हाळ्यात अंधार पडायला दहा वाजतात हे लक्षात घ्या. छत्रीवर भरवसा ठेवू नका, पुलावरचा वारा ती उलटी करतो. टोपीचं जाकीट हवं.

विटे द विथस्ट्राट या रस्त्याच्या आसपास या. १९४० ची आग जिथे थांबली ती हद्द गावभर जमिनीत लाल दिवे बसवून दाखवली आहे. दिवसा पायाखाली येतात आणि कळतही नाहीत, अंधारात पेटतात. एका बाजूला जुनी विटांची घरं, दुसऱ्या बाजूला काच आणि काँक्रीट. बारमधून बाहेर पडलेली पोरं त्या दिव्यांवर सायकली लावून गप्पा मारत उभी असतात.